टेक्निकल रायटिंग शिकायचंय? आधी विहिरीवर जाऊन फिल्टर साफ होताना बघा

जळगाव, धुळे, शिरपूर, भुसावळकडची पोरं-पोरी एकच प्रश्न विचारतात, टेक्निकल रायटिंगमध्ये यायचंय पण इंग्लिश कच्चं आहे, जमेल का? इंग्लिश लागतं, ते काही टळत नाही, पण ते पहिलं लागत नाही. पहिलं लागतं ते नीट बघणं, मग नेमकं विचारणं, मग तेवढंच लिहिणं जेवढं समोरच्याला काम करायला लागेल, आणि शेवटी ते खरंच जमतंय का हे दुसऱ्याच्या हातून करून बघणं. या चार गोष्टी आपल्या खान्देशात बसून, मराठीत, फुकटात शिकता येतात, आणि मला तर वाटतं की पुण्याच्या एसी ऑफिसपेक्षा इथे जास्त चांगल्या शिकता येतात, कारण मशीन आणि ते चालवणारा माणूस दोन्ही हाताच्या अंतरावर आहेत.

ज्यांना हे काम म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिक्सरसोबत येणारं पुस्तक, अ‍ॅपमधलं हेल्पचं पान, कंपनीत मशीनशेजारी लावलेली एसओपी (काम कसं करायचं याची ठरवलेली पद्धत), सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं गाईड, एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची सोय) कशी वापरायची त्याचं डॉक्युमेंटेशन, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, नवीन व्हर्जनमध्ये काय बदललं त्याच्या रिलीज नोट्स, हे सगळं कोणीतरी लिहिलेलं असतं. ते लिहिणारा टेक्निकल रायटर. नोकऱ्या जास्त करून पुणे, बंगलोर, हैदराबादला, सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये, पण जळगावच्या एमआयडीसीत पाइप, ड्रीप, चटया बनवणारे जे कारखाने आहेत तिथेही आयएसओचं ऑडिट आलं की वर्क इन्स्ट्रक्शन कोण लिहिणार म्हणून शोधाशोध होतेच.

वाचणारा कोण, आणि तो वाचताना कुठे उभा आहे

सगळ्यात आधी हे ठरवायचं. "शेतकरी" असं लिहून चालत नाही, ते फार ढोबळ झालं. रावेर-सावद्याकडचा केळीवाला घ्या. शेतीची लाईट रात्रपाळीला, तो रात्री दीड वाजता विहिरीवर आलाय, एका हातात मोबाईलची बॅटरी, पाय चिखलात, चष्मा घरी राहिलाय. त्याला तुमचं आठ पानांचं पुस्तक उघडायला तिसरा हात नाही. त्याला पाहिजे एक कार्ड, मोठ्या अक्षरात, स्टार्टरच्या पेटीच्या आतून चिकटवता येईल असं. आता त्याच फिल्टरबद्दल डीलरकडचा फिटर वाचणार असेल तर त्याला पायऱ्या पाठ आहेत, त्याला पाहिजे तक्ता, कुठल्या मॉडेलला कुठला सील, किती इंची जोड, किती प्रेशरपर्यंत चालतं. वस्तू एकच पण दोन वेगळी कागदं.

म्हणून लिहायला बसण्याआधी वहीत चार ओळी लिहा: वाचणारा कोण, त्याला काय येतं, तो कुठे आणि कधी वाचणार, वाचून झाल्यावर त्याच्या हातून काय झालं पाहिजे. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे बरं का. "त्याला फिल्टरची माहिती मिळाली पाहिजे" असं लिहिलं तर तुम्ही माहिती कोंबत बसाल, "त्याने एकट्याने जाळी धुवून परत बसवली पाहिजे" असं लिहिलं तर निम्मा मजकूर आपोआप गळून पडतो.

बघणं आणि विचारणं

या धंद्यात माहिती देणाऱ्याला एसएमई म्हणतात, म्हणजे त्या विषयातला जाणकार, कधी इंजिनियर, कधी डेव्हलपर, कधी वीस वर्षं एकच मशीन चालवणारा ऑपरेटर. नवखे रायटर त्याच्यासमोर वही घेऊन बसतात आणि विचारतात, "हे कसं चालतं?" तो वीस मिनिटं बोलतो, तुम्ही लिहून घेता, घरी येऊन कळतं की यातून एकही पायरी लिहिता येत नाही. "कसं चालतं" विचारूच नका. "आप्पा, एकदा करून दाखवा ना" म्हणा, आणि तो काय बोलतो त्यापेक्षा त्याचे हात काय करतात ते लिहून घ्या.

एक जवळून बघितलेलं सांगतो. ड्रीपच्या जाळीच्या फिल्टरची सफाई. इंजिनियरला विचाराल तर पहिली पायरी सांगेल "मोटर बंद करा". बरोबरच आहे. पण अमळनेरकडच्या एका विहिरीवर मी बघत उभा होतो, तर तिथल्या आप्पांनी लाल बटणाला हात लावायच्या आधी पेटीतल्या एका छोट्या स्विचला हात घातला. विचारलं काय केलं, तर अहिराणीत म्हणाले, "आटो बंद कया", म्हणजे ऑटो बंद केला. आपल्याकडे बहुतेक स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, लाईट गेली आणि परत आली की मोटर आपोआप सुरू होते, म्हणजे रात्री उठून शेतात जायला नको. आता विचार करा, लाईट गेलेली असताना माणूस फिल्टर उघडून बसलाय, झाकण काढलेलं, हात आत, आणि लाईट आली. ऑफिसमधल्या टेस्ट बेंचवर ऑटो नसतोच, त्यामुळे इंजिनियरच्या डोक्यात तो येत नाही, आणि आप्पांना ते इतकं सवयीचं की विचारल्याशिवाय ते सांगणार नाहीत. ही पायरी फक्त तिथे उभं राहणाऱ्यालाच मिळते.

करून दाखवून झालं की मग विचारायचे प्रश्न. झालं हे कशावरून ओळखता? नवीन माणूस इथे काय चुकवतो? हे केलंच नाही तर काय होईल? ही पायरी आधी आणि ती नंतर केली तर चालेल का? यातला "झालं कशावरून ओळखता" हा प्रश्न मी कधीच सोडत नाही, कारण माहीतगार माणसाला ते नुसतं दिसतं आणि नवख्याला तेच दिसत नाही. याचा सराव घरी करायचा असेल तर आईला किंवा आजीला विचारा की भरताचं वांगं भाजून झालं हे कसं कळतं. आधी म्हणतील "कळतं ना". सोडू नका. मग कळेल की देठाजवळ बोट दाबलं तर आत जातं, साल सगळीकडून काळी होऊन सुटायला लागते, वांगं आपल्याच वजनाने बसतं. ही झाली लिहिता येण्यासारखी माहिती.

जाणकाराचा वेळ वाया घालवू नका एवढं मात्र पाळा. जायच्या आधी जुनं मॅन्युअल, ड्रॉइंग, जे मिळेल ते वाचून जा, व्हिडिओ काढायचा असेल तर आधी विचारा, आणि लिहून झालं की त्यालाच दाखवून एकेक पायरी तपासून घ्या. आणि दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर आपल्या मनाने मधला रस्ता काढू नका, दोघांना एकत्र आणून विचारा, बऱ्याच वेळा दोघंही बरोबर असतात आणि मॉडेल वेगवेगळं असतं.

एक उतारा घेऊन बघू

आपल्याकडच्या माहितीपत्रकांत सर्रास दिसते तशी भाषा घेतो, अशी:

"फिल्टरची नियमित स्वच्छता करण्यात यावी. स्वच्छता करतेवेळी योग्य ती खबरदारी घेण्यात यावी. जाळी काढून स्वच्छ करून पूर्ववत बसविण्यात यावी."

व्याकरण अगदी शुद्ध आहे आणि काम शून्य. नियमित म्हणजे रोज, आठवड्याला, की पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यावर? योग्य ती खबरदारी म्हणजे कोणती, ती माहीत असती तर कागद कशाला वाचला असता? आणि "करण्यात यावी" म्हणजे कोणी करायची? आता तेच असं लिहू:

जाळीचा फिल्टर कधी साफ करायचा: मोटर चालू असताना फिल्टरच्या अलीकडचं आणि पलीकडचं गेज बघा. दोन्हीतला फरक ०.५ किलोपेक्षा जास्त झाला की साफ करा.

काय लागेल: नायलॉनचा ब्रश, स्वच्छ पाण्याची बादली.

सावधान: आत प्रेशर असताना झाकण उघडू नका. झाकण उडून तोंडाला लागू शकतं.

१. स्टार्टरमधला ऑटो बंद करा.
२. मोटर बंद करा.
३. फिल्टरचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडा आणि दोन्ही गेजचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबा.
४. क्लॅम्प सैल करा आणि झाकण काढा.
५. जाळी बाहेर काढा.
६. जाळीच्या दोन्ही टोकांचे रबरी सील काढून स्वच्छ जागी ठेवा.
७. जाळी बादलीतल्या पाण्यात ब्रशने घासून धुवा. तारेचा ब्रश वापरू नका, जाळी फाटते.
८. जाळी उजेडाकडे धरून बघा. कुठे फाटलेली दिसली तर नवीन जाळी घ्या.
९. सील परत टोकांना बसवा आणि जाळी आत ठेवा.
१०. झाकण लावून क्लॅम्प घट्ट करा.
११. ड्रेन व्हॉल्व्ह बंद करा.
१२. मोटर चालू करा. झाकणाजवळ पाणी गळत नाही ना ते बघा.
१३. दोन्ही गेज परत बघा. फरक कमी झाला असेल तर सफाई झाली. ऑटो परत चालू करा.

०.५ किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला, प्रेशरचं माप) हा आकडा ड्रीपमध्ये नेहमी वापरतात तो आहे, तुम्ही खऱ्या फिल्टरसाठी लिहाल तेव्हा त्याच कंपनीने दिलेला आकडा टाका, आठवणीतून आकडा लिहायचा नाही, कधीच नाही.

लांबी वाढली हे खरं आहे, तीन ओळींच्या तेरा पायऱ्या झाल्या. पण लहान म्हणजे चांगलं असं काही नसतं. वाचणाऱ्याला थांबून विचार करायला लावणाऱ्या जागा कमी पाहिजेत. प्रत्येक पायरीत एक काम, पायरी आज्ञेत, करा, उघडा, थांबा. जिथे डोळ्यांनी खात्री करता येते तिथे ती सांगितली, काटा शून्यावर, उजेडात जाळी, दोन गेजमधला फरक. आणि मनाईला कारण जोडलं, "तारेचा ब्रश वापरू नका" एवढंच लिहिलं तर हाताशी तारेचाच ब्रश असलेला माणूस तोच वापरणार, "जाळी फाटते" म्हटलं की तो ब्रश बाजूला ठेवतो.

इशारा कुठे आणि कसा

इशारा नेहमी त्या पायरीच्या आधी. हे सांगायची गरज नसावी पण शंभर ठिकाणी उलटं दिसतं. ड्रीपच्या नळ्यांत क्षार साचले की अ‍ॅसिड ट्रीटमेंट करतात, तिथे नियम हा की अ‍ॅसिड पाण्यात टाकायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये ओतायचं नाही, कारण अ‍ॅसिडमध्ये पाणी पडलं की एकदम उष्णता तयार होऊन ते अंगावर उडू शकतं. आता "अ‍ॅसिडचं द्रावण तयार करा" ही तिसरी पायरी आणि हा इशारा पानाच्या तळाला असेल तर माणूस तिसऱ्या पायरीला भाजलेला असेल. लोक पायरी वाचतात, करतात, मग पुढची वाचतात, आधी सगळं वाचून मग सुरू करणारे फार थोडे.

इशाऱ्याच्याही पातळ्या असतात. अमेरिकेत एएनएसआय झेड५३५ नावाचं स्टँडर्ड आहे, मशीनच्या लेबलांवर आणि मॅन्युअलमध्ये ते खूप चालतं. त्यात डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, वॉर्निंग म्हणजे होऊ शकते, कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, आणि नोटीस म्हणजे माणसाला नाही पण वस्तूचं नुकसान. हे चार पाठ करून ठेवा, मुलाखतीत विचारतात. आणि प्रत्येक इशाऱ्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत, धोका काय, झालं तर काय होईल, टाळायचं कसं.

आपल्या घरात असलेलं उदाहरण म्हणजे कपाशीच्या फवारणीचं औषध. बाटलीवर चौकोन असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांत हे ठरवलेलं आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग दिसतो, हा विचार खूप चांगला आहे. पण आता गावात चार जणांना विचारून बघा की पिवळा जास्त विषारी का निळा, आणि हिरव्याचा अर्थ काय. हिरवा म्हणजे बिनधोक असं समजणारा माणूस भेटला तर त्याला दोष देऊ नका, सिग्नलचा हिरवा त्याने आयुष्यभर बघितलाय. रंग असो की चिन्ह, समोरचा त्यातून काय समजतो हे विचारूनच ठरवायचं.

भाषा, आकडे, मापं

एका वस्तूला एकच नाव. पहिल्या पानावर "व्हॉल्व्ह", दुसऱ्यावर "झडप", तिसऱ्यावर "कॉक" लिहिलं की वाचणारा तीन वस्तू शोधत बसतो. शाळेत निबंधाला आपल्याला उलटं शिकवलेलं असतं की तोच शब्द परत परत नको, इथे मात्र तोच शब्द परत परत पाहिजे. आणि तो शब्द वापरणाऱ्याच्या तोंडातला पाहिजे. स्टार्टर, नळी, व्हेंचुरी, डीपी हे शब्द तांड्यावरच्या माणसालाही कळतात, त्यांना संस्कृत कपडे घालू नका.

वाक्याच्या लांबीसाठी एक तयार मोजपट्टी आहे. विमानाच्या देखभालीची मॅन्युअलं जगभरातले मेकॅनिक वाचतात, त्यातल्या अनेकांची मातृभाषा इंग्लिश नसते, म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाने सोप्या इंग्लिशचे नियम बनवले, १९८६ ला पहिल्यांदा ते आले आणि आज एएसडी-एसटीई१०० या नावाने ओळखले जातात. पायरीच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, माहितीच्या वाक्यात २५. मराठीला मी याहून कडक राहायला सांगेन, कारण आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, वाक्य लांबलं की काय करायचं हे कळायला माणसाला शेवटपर्यंत थांबावं लागतं. पायरी बारा-पंधरा शब्दांत बसली पाहिजे. अट असेल तर ती आधी लिहा, "लाल दिवा लागला तर मोटर बंद करा", आणि ते मराठीत आपसूकच येतं. इंग्लिशमध्ये लिहिताना पण हीच सवय ठेवा, अट आधी, काम नंतर.

मापांचं जरा तपशीलात सांगतो कारण इथे चूक झाली तर पीक जातं नाहीतर माणूस दवाखान्यात जातो. औषधाच्या लेबलवर प्रमाण हेक्टरी मिली असं असतं, कृषी विभागाच्या शिफारशीत बऱ्याचदा १० लिटर पाण्याला इतके मिली असं असतं, आणि शेतकरी मोजतो पंपावर, "एका पंपाला दोन टोपणं". पंप १५ लिटरचा असतो, १६ चा असतो, पेट्रोलवरचा असेल तर २० च्या पुढेही असतो. टोपण तर प्रत्येक बाटलीचं वेगळं. १० लिटरला ५ मिली सांगितलं असेल तर १५ लिटरच्या पंपाला साडेसात मिली होतात, २० लिटरला १०. हे गणित फवारणीच्या घाईत, बांधावर, वाचणाऱ्याला करायला लावणं हे लिहिणाऱ्याचं आळशीपण आहे. तुम्ही तक्ता करून द्या, डावीकडे पंपाची साइज, उजवीकडे मिली, आणि "टोपणाने मोजू नका, मापाच्या कपाने मोजा" ही ओळ वर. हेक्टर-एकरचंही तसंच, एक हेक्टर म्हणजे साधारण २.४७ एकर, आपल्याकडे कोणी हेक्टरमध्ये बोलत नाही, मग तक्ता एकरात द्या.

सॉफ्टवेअरमध्येही हेच चालतं. तारीख ०५/०६ लिहिली तर पाच जून की सहा मे? वेळ भारताची की अमेरिकेची? फाइल साइजची मर्यादा केबीमध्ये की एमबीमध्ये? ज्याने पंपाचा तक्ता नीट केला त्याला एपीआयच्या पॅरामीटरचा तक्ता जड जात नाही.

एका कागदात चार कामं कोंबू नका

डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार धरायची एक पद्धत सध्या खूप चालते, डायटॅक्सिस नावाने. नवख्याला हात धरून शिकवणारं ट्युटोरियल, ठरावीक काम करायचं हाऊ-टू, बघून घ्यायची रेफरन्स माहिती, आणि असं का हे समजावणारं एक्स्प्लनेशन. ड्रीपमध्येच बघा. पहिल्यांदा अर्ध्या एकरात ड्रीप अंथरून बघणं हे ट्युटोरियल, वरची जाळी धुणं हे हाऊ-टू, कुठल्या ड्रीपरमधून तासाला किती लिटर पडतं हा तक्ता रेफरन्स, आणि धरण-विहिरीच्या पाण्याला जाळीच्या आधी वाळूचा फिल्टर का लावतात हे एक्स्प्लनेशन. मोठ्या कंपन्यांत डीआयटीए नावाची पद्धत दिसेल, मूळ आयबीएमची, २००५ पासून ओएसिस या संस्थेचं स्टँडर्ड, त्यात कन्सेप्ट, टास्क, रेफरन्स असे टॉपिक वेगळे लिहितात. नावं वेगळी, मुद्दा तोच, जाळी धुणाऱ्याला मधेच गाळण्याचं शास्त्र सांगू नका, त्याचे हात ओले आहेत.

लिहिलं, आता गप्प बसून बघा

ही पायरी लोक सोडतात आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. तुमचा कागद अशा माणसाच्या हातात द्या ज्याने ते काम कधी केलेलं नाही, आणि म्हणा, "काका, हे वाचून करा, मी काही बोलणार नाही." मग खरंच बोलू नका. तो अडखळेल, तुमच्याकडे बघेल, "आते काय करानं?" विचारेल, तरी गप्प. धोका दिसला तरच थांबवा. तो जिथे थांबला तिथे कागदावर खूण करा, जिथे त्याने परत मागचं वाचलं तिथे खूण करा, जिथे न वाचताच पुढे गेला तिथेही. नंतर विचारा की इथे काय वाटलं. युजेबिलिटीतले, म्हणजे वस्तू वापरायला किती सोपी हे तपासणारे जाणकार जेकब नील्सन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे की पाच जणांवर तपासलं तरी बहुतेक अडचणी बाहेर येतात. तुम्ही दोघांवर तपासलं तरी बाकीच्या उमेदवारांच्या पुढे असाल. त्यातला एक जण घरी अहिराणी बोलणारा आणि मराठी फक्त वाचण्यापुरती वापरणारा असू द्या, तुमची पुस्तकी वाक्यं तो लगेच पकडून देईल.

टूल आणि इंग्लिश

टूल शेवटी शिकायचे. वर्ड नीट शिका, म्हणजे हेडिंगला स्टाइल लावणं, अनुक्रमणिका आपोआप काढणं, फक्त अक्षर बोल्ड करून मोठं करणं नव्हे. मार्कडाउन एका दुपारी येतं. गिट आणि गिटहब (फाइलमधले बदल नोंदवून ठेवणारी टूल) यांचं रोजचं काम, म्हणजे ब्रांच, कमिट, पुल रिक्वेस्ट (माझा बदल मूळ फाइलमध्ये घ्या अशी विनंती), हे शिकाच, कारण बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांत डॉक्युमेंटेशन कोडसोबतच राहतं. एपीआयकडे जायचं असेल तर पोस्टमनमध्ये रिक्वेस्ट मारून बघणं आणि ओपनएपीआयची फाइल, म्हणजे एपीआयचं ठरावीक साच्यात लिहिलेलं वर्णन, वाचता येणं. फ्रेममेकर, मॅडकॅप फ्लेअर, ऑक्सिजन ही महागडी नावं जाहिरातीत बघून घाबरू नका, कंपनी शिकवते.

इंग्लिशसाठी गूगलचा टेक्निकल रायटिंगचा कोर्स ऑनलाइन फुकट आहे, दोन भागांत, सराव त्यातच दिलेला आहे. मायक्रोसॉफ्टचं आणि गूगलचं स्टाइल गाईडही फुकट वाचता येतं. सवय अशी लावा की रोज एक वाईट उतारा शोधायचा, बँकेचा, विम्याचा, कुठल्याही अ‍ॅपचा, आणि आधी मराठीत सरळ करायचा मग इंग्लिशमध्ये. मराठीत सरळ झाला की इंग्लिशमध्ये फक्त शब्द शोधायचे राहतात, विचार झालेला असतो.

एआयने लिहून का घेऊ नये असं आता सगळे विचारतात. घ्या की, मसुदा पटकन मिळतो, व्याकरण तपासून मिळतं. पण अमळनेरच्या त्या विहिरीवर ते उभं नव्हतं, तिथल्या पेटीतला ऑटो कोणीतरी सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही. आणि आकडा ते इतक्या खात्रीने लिहितं की चुकीचा असला तरी बरोबर वाटतो, म्हणून त्याचा प्रत्येक आकडा मूळ कागदाशी लावून बघायचा.

सॅम्पल कोणते करायचे

मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा सॅम्पल बघतात. तीन पुरेत. पहिलं एखाद्या खऱ्या वस्तूचं, फिल्टर, स्टार्टर, फवारणी पंप, शिलाई मशीन, जे घरात असेल ते. दुसरं अ‍ॅपचं, यासाठी ई-पीक पाहणी मस्त आहे, २०२१ पासून राज्यभर आलंय, दर हंगामात लोक अडतात आणि गावातल्या शिकलेल्या पोराला फोन करतात. तुमच्या गावातल्या लोकांसाठी त्याचं स्क्रीनशॉटसकट गाईड लिहा, अ‍ॅपचं व्हर्जन आणि तारीख वर टाका, आणि स्क्रीनशॉटमध्ये कोणाचा गट नंबर, नाव, मोबाईल दिसत असेल तर तो झाका. तिसरं रेफरन्सचं, एखादी फुकट मिळणारी पब्लिक एपीआय घेऊन तिच्या एका एंडपॉइंटचं (रिक्वेस्ट जिथे पाठवतात त्या पत्त्याचं) पान, पॅरामीटरचा तक्ता, चालणारं उदाहरण, येणारे एरर आणि ते आले तर काय करायचं. ओपन सोर्स प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये चुकलेली पायरी सापडली तर ती दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट टाका, ती लिंक सॅम्पलसोबत जोडता येते.

पहिली दोन सॅम्पल मराठीत आणि इंग्लिशमध्ये दोन्ही ठेवा. प्रत्येकाच्या वर तीन ओळी लिहा: हे कोणासाठी लिहिलंय, कोणाकडून करून घेऊन तपासलं, आणि तपासल्यावर काय बदललं. नाव नको, "काम कधी न केलेले दोन शेतकरी" एवढं चालेल. तिसऱ्या ओळीसाठी पहिला मसुदा फेकू नका, खुणांसकट जपून ठेवा आणि मुलाखतीला सोबत न्या, कारण समोरचा माणूस हमखास विचारतो की आधी काय लिहिलं होतं ते दाखव.